निकालाच्या पलीकडचे काम



अंतिम यादीत नाव नसले की वर्षांचे श्रम वाया गेले असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी १९४० च्या दशकात याच जबलपूर शहरात शिक्षकी केलेल्या एका मराठी माणसाचे स्मरण उपयुक्त ठरावे.

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली श्योपूर येथे झाला. १९३० मध्ये ते मिडलच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. पुढे पदवी मिळाली, पण स्थैर्य लाभले नाही. शाळा, वृत्तपत्रे, आकाशवाणी अशा नोकऱ्या बदलत, संसार सांभाळत, पस्तिशी उलटल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. १९५८ मध्ये राजनांदगाव येथे प्राध्यापकपद मिळाले. १९६२ मध्ये त्यांच्या इतिहासविषयक पुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. तरीही लेखन थांबले नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह प्रकाशित व्हायचा होता. आज आधुनिक हिंदी कवितेचा विचार त्यांच्याशिवाय होत नाही.

या चरित्रातून यशाची हमी मिळत नाही. ती कोणीही देऊ नये. परीक्षेच्या संधी मर्यादित असतात आणि कधी वाट बदलावी लागते. म्हणून तयारीबरोबरच उपजीविकेचे साधन जोडावे, गुणपत्रिकेतील उणिवा शांतपणे तपासाव्यात. नकार एका प्रयत्नाला मिळतो, माणसाला नव्हे. निकाल इतरांच्या हाती असतो. उद्या सकाळचा अभ्यास मात्र आपल्याच हाती असतो. आशेचा खरा आधार तोच होय.