घरातल्या कुंडीतला निशिगंध

आमच्या सोप्यात एक कुंडी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्यातला निशिगंध मेला, आणि तो मीच मारला. दुर्लक्षाने नव्हे, मायेने! एप्रिलचे सोलापूरचे ऊन, पारा चाळिशीपार. बिचाऱ्याला तहान लागत असेल म्हणून दोन्ही वेळा तांब्याभर पाणी घालीत राहिलो. पाने पिवळी पडली, तसे आणखी घातले. अखेर उपटून पाहतो तो कंद लिबलिबीत झालेला. वास तर विचारूच नका.

आपल्याकडे पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. पेवात पाणी शिरले की ज्वारी गेली, हे मंगळवेढ्याकडच्या मंडळींना सांगायला नको. कंद हे झाडाचे पेवच आहे. गुरुजींनी वर्गात एक कांदा उभा चिरून दाखवावा. जाड पापुद्रे ही साठवण, आणि मधोमध कोंब. दुसरा कांदा पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर ठेवावा. पाणी बुडाला जेमतेम लागू द्यावे. मुळ्या फुटताना मुलांना रोज दिसतील. पण निम्मा कांदा बुडवलात तर तो कुजेल. माझ्या निशिगंधाचे तेच झाले.

आपली काळी माती शेतात सोन्यासारखी, पण कुंडीत ओल धरून बसते. म्हणून माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. पेरभर बोट खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी घालावे. पाने पिवळी दिसली की तहानच असेल असे धरून चालू नये. जास्त पाण्यानेही ती पिवळीच पडतात.

दुसरी तक्रार, पाने भरगच्च पण फूल नाही. इथे बहुधा उजेड कमी पडतो. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, उन्हात वाढणारा. माळवदाच्या घरात झरोक्यातून येणाऱ्या कवडशावर त्याचे भागत नाही. कुंडी अंगणात किंवा माळवदावर ठेवा आणि दांडी कळ्यांवर आली की घरात आणा. लावताना कंदही निदान सुपारीएवढा हवा. हरभऱ्याएवढ्या पिलाच्या पेवात फुलाला पुरेल एवढे धान्यच नसते. चांगला कंद साधारण तीन महिन्यांत फुलतो. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा त्रास असेल, तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'शृंगार' हा वाण त्यांना बराच तोंड देतो.

'पहिल्या वर्षी फुलला, मग रुसला,' असेही पुष्कळजण म्हणतात. तो रुसत नाही. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या कुशीतली पिले फुलतात. ती पोसतात पानांवर, आणि आपण मात्र फूल सरले की पाने कापून कुंडी नीटनेटकी करतो! पाने आपोआप वाळू द्यावीत. मग पिले सोडवून सावलीत सुकवावीत, महिनाभर विसावा द्यावा आणि पुन्हा लावावीत.

परदेशातून कुणी ट्यूलिपचे कंद आणून देतो. त्यांना फुलायला सुमारे तीन महिन्यांची थंडी लागते. ती श्रीनगरला मिळते, आपल्याकडे नाही. फ्रिजमध्ये ठेवून पाहता येईल, पण शेजारी पिकलेली फळे नकोत; फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते.

यंदा त्याच कुंडीत सहा पिले लावली आहेत. पाण्याचा तांब्या मात्र घरच्यांनी माझ्या हाताला लागणार नाही असा ठेवला आहे.