गाण्याला नाव आणि पत्ता

उधना जंक्शनवरून पूर्वेकडे फुटणारा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा थेट खानदेशात शिरतो. 1900 साली तो अमळनेरपर्यंत पोहोचला, आणि याच वाटेने खानदेशचा माणूस पोटामागे सुरतेला येत राहिला. आज उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतून फिरताना मराठी आणि अहिराणी पावलोपावली कानी पडते. यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करणारा येथील तरुण सुटीच्या दिवशी कीबोर्ड किंवा ढोलकी घेऊन बसतो. लग्नसराईत, गणपतीच्या मिरवणुकीत आणि श्रावणातील कानबाईच्या उत्सवात तो वाजवतो व गातो. असे चारपाच जण एकत्र आले की बँड उभा राहतो, आणि काही दिवसांनी त्यांच्यातील एखादा स्वतःचे गाणे रचतो.

पूर्वी अशा गाण्याची वाट गल्लीच्या तोंडाशीच संपत असे. ध्वनिमुद्रिकेची किंवा कॅसेटची कंपनी मेहेरबान झाली तरच ते पुढे जाई. आता तसे राहिलेले नाही. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि मागावर काम करणाऱ्याच्या खिशातही ते आले. ‘बबल्या इकस केसावर फुगे’ किंवा ‘हाई झुमका वाली पोर’ ही अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा ऐकली गेली, आणि ऐकणाऱ्यांत अहिराणीचा गंधही नसलेले पुष्कळ होते. खानदेशाबाहेर जिला कोणी विचारीत नव्हते, त्या बोलीने हे यश मिळवले ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्याच यशाने एक भ्रमही पसरला आहे. गाणे इंटरनेटवर ठेवले की ते आपोआप जगभर जाते, अशी अनेकांची समजूत झाली आहे. गाणे ठेवणे म्हणजे बाजारात गाठोडे उतरवणे. ते कोणाचे आहे, कोठून आले आणि हवे असल्यास कोणाला विचारायचे, हे गाठोड्यावर लिहिलेले नसेल तर ते तेथेच पडून राहते. अथवा, याहून वाईट म्हणजे, दुसराच कोणी उचलून नेतो.

या बाबतीत सव्वाशे वर्षांपूर्वीची एक हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीतून उच्चारीत. त्या तबकड्यांवर ते आजही ऐकू येते. परक्या मुलखात जाणाऱ्या गाण्याने आपले नाव बरोबर घेऊन जावे, ही अक्कल तेव्हाची. आजच्या बँडला तिची गरज अधिकच आहे. कारण आज गाणे सबंध फिरत नाही. त्याचा पंधरावीस सेकंदांचा तुकडा कापला जातो, त्यावर कोणी नाचते, ते हजारोंना आवडते, आणि बँडचे नाव मागे राहते.

दक्षिण गुजरातेतील लग्नाच्या वाजंत्रीवाल्यांनी यावर आपल्यापुरता उपाय शोधला आहे. ते चित्रफितीवरच बँडचे नाव, गावाचे नाव आणि फोनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापतात. सुशिक्षित मंडळी त्या भडक अक्षरांना हसतात. हसणे सोपे आहे. परंतु ती अक्षरे वाचून पुढच्या लग्नाची सुपारी घेऊन माणूस येतो, आणि नेटक्या चित्रफितीवाल्या बँडकडे कोणी फिरकत नाही, हेही पाहिले पाहिजे. त्यात सुरतेसारख्या शहरात लिपीचाही प्रश्न येतो. आजी देवनागरी वाचते, नातवाला शाळेत गुजराती शिकवतात, आणि दोघेही शोधताना रोमन अक्षरांत काहीतरी टंकित करतात. एका गाण्याचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले गेले तर शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती तीन गाणी होतात. एकच रोमन रूप ठरवावे, त्याच्याशेजारी देवनागरी व गुजराती नाव द्यावे, आणि ते पुन्हा बदलू नये. कवी कोण, चाल कोणाची, गायले कोणी, हेही त्याच जागी लिहावे. हे काम रटाळ आहे खरे, पण त्याला पैसा लागत नाही.

वेळेचेही तसेच. कानबाईचे गाणे नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे उत्सवाच्याच दिवशी, लोकांपुढे ठेवणारा बँड वरात निघून गेल्यावर तोरण बांधतो. ते तीनचार आठवडे आधी आले, तर घराघरांत पाठ होते आणि उत्सवाच्या दिवशी बायका ते स्वतःच म्हणू लागतात. एवढी प्रसिद्धी कोणत्याही जाहिरातीने मिळणार नाही.

आता पैशाविषयी. येथे स्पष्ट बोललेले बरे. यूट्यूबच्या जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी चॅनेलला 1,000 वर्गणीदार आणि वर्षभरात 4,000 तास पाहिले गेल्याची नोंद लागते. छोट्या चित्रफितींची अट वेगळी आहे. स्पॉटिफायवर 2024 पासून ज्या गाण्याला बारा महिन्यांत 1,000 श्रोते-फेऱ्या मिळत नाहीत, त्याला मानधन नाही. या अटी पुऱ्या झाल्या तरी हाती पडते ते थोडे. साहजिकच काहींना आकडे विकत घेण्याचा मोह होतो. ऐकणाऱ्यांचे खोटे आकडे विकणारे लोक आहेतच. पण कंपन्या असे आकडे पकडून काढून टाकतात, आणि विकत घेतलेला श्रोता लग्नाला बोलवीत नाही. दहा लाख अनोळखी नजरांपेक्षा डिंडोलीतील दोनशे घरांनी बँडला नावाने ओळखणे अधिक मोलाचे, हा हिशेब तरुणांना पटायला थोडा वेळ लागतो.

शिवाय परक्याच्या जमिनीवर बांधलेले घर किती दिवस टिकेल? 29 जून 2020 रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतील कित्येक कलावंतांचे लाखो चाहते तेथे होते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट एका रात्रीत बंद झाली. ज्यांनी चाहत्यांचे फोन क्रमांक जपून ठेवले होते, गाण्यांच्या मूळ प्रती स्वतःपाशी ठेवल्या होत्या, ते दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उभे राहू शकले. बाकीच्यांना पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली.

सर्वांत घातक चूक मात्र कागदावर होते. बँडपाशी ध्वनिमुद्रणाला पैसे नसतात. मोठ्या चॅनेलचा कोणी मालक ते देऊ करतो आणि त्याबदल्यात गाण्याचे सर्व हक्क लिहून घेतो. आनंदाच्या भरात सही होते. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार कवीला व संगीतकाराला मिळणाऱ्या रॉयल्टीतील त्यांचा समान वाटा त्यांनी सहीने सोडून दिला तरी सुटत नाही. तो वारसांना किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. ही गोष्ट सही करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या बाजूने बँडकडूनही अन्याय होऊ शकतो. कानबाईची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल घेऊन ‘संगीत आमचे’ असे लिहिले, तर तीच चाल वाजवणाऱ्या धुळ्याच्या बँडवर उद्या यंत्राकडूनच हक्कभंगाचा ठपका येतो. आजीच्या ओठांवरचे गाणे कोणाच्या मालकीचे नाही. तेथे ‘पारंपरिक’ हा शब्द लिहावा आणि आपण केलेल्या ध्वनिमुद्रणावर तेवढा हक्क सांगावा.

केवळ गाण्यावर घर चालेल का, हा प्रश्न उरतोच. सुरतेचे कवी नर्मद यांनी 1858 साली शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीच्या आधारे जगण्याचा निश्चय केला. पुढे मित्रांसह ‘डांडियो’ हे पाक्षिक काढले, कर्ज सोसून ग्रंथ छापले. अखेर चोवीस वर्षांनी, 1882 साली, त्यांना पुन्हा नोकरी पत्करावी लागली. आज त्याच शहराच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तेव्हा मागावरची पाळी सांभाळून गाणाऱ्या तरुणाला कमी लेखण्याचे कारण नाही, आणि पहिले गाणे चालले म्हणून त्याने पाळी सोडण्याचीही घाई करू नये.

गाणे बाहेर पडण्यापूर्वी चौघांनी एका कागदावर कोणाचा किती वाटा हे लिहून सह्या कराव्यात. चॅनेल ज्या फोन क्रमांकावर उघडले, तो क्रमांक कोणाचा, हेही त्यात नमूद असावे. पुष्कळदा तो कोणा चुलतभावाचा असतो. तो दुसऱ्या बँडमध्ये जातो, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.