हळदीतला बेंजो

जमैकाच्या स्का संगीतात पुढे पंक मिसळले, फंक मिसळले. अशी सरमिसळ पनवेलच्या आगरी-कोळी हळदीतही ऐकू येते. ती करते बेंजो पार्टी! हा बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोयात तो ताइशोगोतो म्हणून जन्मला. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. आपल्याकडे तो ॲम्प्लिफायरला जोडला गेला. शेजारी ढोल, ताशा, कीबोर्ड आले. मग कोळीगीतातून थेट हिंदी गाण्यात उडी!

कुणी म्हणेल, हा नुसता गोंगाट. आवाज मोठा असतो, कबूल. पण स्काही नाचणाऱ्यांसाठीच घडले. तिथे ती शैली, मग इथेच गोंगाट का? सरमिसळ दोन्हीकडे आहे. दिग्दर्शक रवी जाधव यांनी तर २०१६ साली या बेंजो वादकांवर हिंदी चित्रपटच काढला. नाव ठेवले, ‘बँजो’.