हाडांची जेली

फ्रेंच स्वयंपाकात ‘गॅलंटीन’ नावाचा एक थंड पदार्थ आहे. कोंबडी पाठीकडून चिरायची, कातडं शाबूत ठेवून हाडं सोडवायची. मग वाटलेल्या मांसाचं सारण भरून त्यात पिस्ते पेरायचे. गुंडाळी कापडात बांधून मंद आचेवर सारात शिजवायची आणि त्याच सारात गार होऊ द्यायची. शेवटी तिच्यावर नितळ, थिजलेल्या साराचा थर चढवायचा.

काढलेली हाडं फेकायची नसतात. ती साराच्या पातेल्यात जातात, जोडीला वासराचे पाय. तासन्‌तास उकळल्यावर हाडा-कातड्यातल्या कोलॅजनचं जिलेटीन होतं. ते ३५ अंशांच्या आतच वितळतं आणि आपल्या शरीराची ऊब ३७ अंश. म्हणून हा थर जिभेवर ठेवताच पाणी होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो ताटातच विरघळेल! आमच्या घरी थंडीत रात्रीचा पाया सकाळी थिजून बसतो, तोही याच गुणानं. आम्ही तो पुन्हा गरम करतो, एवढाच फरक.

हाडं काढून पक्षी अखंड ठेवण्याची कला आपल्याकडेही होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं ‘ऐन-ई-अकबरी’त ‘मुसम्मन’ नोंदवला आहे. कोंबडीची हाडं मानेतून काढायची; जिन्नस म्हणून खिमा, पाच अंडी, कांदा, आलं, केशर. हा मात्र थिजवायचा पदार्थ नाही.

गॅलंटीन समोर आलं, की मला विचारावंच लागतं, सारणात डुकराची चरबी आहे का? जिलेटीन कशाचं? जुन्या कृतींत ती चरबी बहुधा असते आणि बाजारचं जिलेटीन पुष्कळदा डुकराच्या कातड्याचं. माझ्या शाकाहारी मित्राला हाच प्रश्न जेलीच्या वाटीपुढे पडतो. म्हणून तो चायना ग्रासची जेली मागतो. ‘एवढं काय त्यात?’ असं म्हणणारे आम्हा दोघांनाही भेटतात.

मला वाटतं, असं विचारण्यानं यजमानाचा अपमान होत नाही. त्यानं खरं सांगितलं, तर वाट निघते. डुकराची चरबी वगळून, हलाल कोंबडीच्याच मांसाचं सारण आणि तिच्याच पायांची जेली करून गॅलंटीन उत्तम होतं. विचारायचा संकोच नको आणि सांगायची टाळाटाळ नको. मग एका पंगतीत बसायला कुणालाच अडचण राहत नाही.