रक्ताचे घटक आणि गावाची जबाबदारी

(शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



घोड नदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड, या दोन तालुक्यांना पाण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. धरणातून सुटलेले पाणी कालव्यात, कालव्यातून चारीत आणि चारीतून उसाच्या मुळाशी पोहोचले, तरच पीक उभे राहते. शरीराची व्यवस्थाही अशीच आहे. रोहिण्या हे तिचे कालवे आणि केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या हे तिचे शेवटचे पाट. फरक एवढाच, की येथे वाहून गेलेला प्रवाह नीलांवाटे हृदयाकडे परत येतो आणि पुन्हा कामाला लागतो. प्रौढ माणसाच्या शरीरात हा साठा सुमारे ५ लिटर, म्हणजे वजनाच्या ७ ते ८ टक्के असतो.

आज मला आपल्यासमोर मुख्यतः एकच गोष्ट मांडावयाची आहे. रक्त हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यात निरनिराळी कामे करणारे घटक आहेत, त्यांचे आयुष्य निरनिराळे आहे आणि प्रत्येकाची उणीव निराळ्या उपायाने भरून काढावी लागते. हे नीट ध्यानी आले, तर शाळेतील, ग्रामपंचायतीतील आणि रक्तदान शिबिरांच्या बाबतीतील आपले काही निर्णय बदलावे लागतील.

रक्तद्रव

न गोठणारे रसायन घातलेल्या काचनळीत रक्त घेऊन ती काही वेळ स्थिर ठेवली, तर त्याचे थर पडतात. वरचा निम्म्याहून थोडा अधिक भाग फिकट पिवळ्या द्रवाचा असतो. तळाशी तांबड्या पेशींचा दाट थर बसतो आणि या दोहोंच्या मध्ये पांढरट रंगाची एक पातळ रेघ दिसते. त्या रेघेत पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका असतात.

वरचा द्रव म्हणजे रक्तद्रव, ज्याला आपण प्लाझ्मा म्हणतो. त्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. पचलेल्या अन्नातील साखर, क्षार, ग्रंथींचे स्राव आणि मूत्रपिंडाकडे न्यावयाची टाकाऊ द्रव्ये याच पाण्यातून वाहून नेली जातात. त्यातील प्रथिनांपैकी अल्ब्युमिन हे पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. ग्लोब्युलिनांमध्ये रोगाशी लढणारी प्रतिपिंडे असतात, तर फायब्रिनोजेन हे रक्त गोठण्याच्या कामी येते. कुपोषणाच्या एका प्रकारात मुलाच्या पायांवर सूज येते. रक्तातील अल्ब्युमिन घटणे हे त्या सुजेचे एक कारण मानले जाते. अशा मुलाचे सुजलेले अंग पाहून ‘बाळसे धरले’ असे समजणे घातक ठरते.

तांबड्या पेशी

रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणतः ४५ ते ५५ लाख तांबड्या पेशी असतात. त्या अस्थिमज्जेत तयार होतात व सुमारे १२० दिवस जगतात. पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते. तिची जवळजवळ सगळी जागा हिमोग्लोबिनने व्यापलेली असते. हे लोहयुक्त प्रथिन फुप्फुसात प्राणवायू उचलते आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन पोहोचविते. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी पडते. मग उसाची मोळी उचलताना धाप लागते आणि वर्गातील मुलाचे लक्ष दुसऱ्याच तासाला उडते. त्याला आपण आळस म्हणतो.

या आळसाचे खरे नाव रक्तक्षय असे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये, तसेच ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. याचा अर्थ, ग्रामसभेला आलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणी कमी रक्तावर घर, गोठा आणि शेत सांभाळीत असण्याचा संभव आहे.

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तात किमान १२ ग्रॅम, गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅम आणि पुरुषाचे १३ ग्रॅम असावे, असा दंडक आहे. गरोदर स्त्रीचा आकडा ७ च्या खाली असेल, तर तो तीव्र रक्तक्षय होय. प्रसूतीत अर्धा लिटर रक्त जाणे निरोगी स्त्री बहुधा सहन करते. तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रीला तेवढ्यानेही मृत्यूच्या दारात उभे राहावे लागते. हा आकडा तिसऱ्या महिन्यात कळला, तर गोळ्या, आहार आणि गरज पडल्यास शिरेतून दिले जाणारे लोह यांनी तो वाढविण्यास वेळ मिळतो. तोच प्रसूतीच्या रात्री कळला, तर हाती उरते ती रुग्णवाहिका आणि पुण्याचा रस्ता.

आपल्या भागातील बाजरी, हरभरा, पालेभाज्या, अळीव यांत लोह आहे. सोबत लिंबू, पेरू किंवा आवळा घेतला, तर ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते कमी शोषले जाते. ही चहाची सवय मोडण्यास एक पैसाही लागत नाही. अनवाणी पायांतून शिरणारा अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो. म्हणून शौचालयाचा वापर, पायांत चपला आणि शाळेतून वर्षातून दोनदा दिली जाणारी जंतनाशक गोळी हेही रक्तवाढीचेच कार्यक्रम आहेत. २०१८ पासून चालू असलेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात शाळेतील मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी दिली जाते. गरोदर मातेला १८० दिवस रोज एक गोळी द्यावयाची असते. या गोळ्यांनी शौचास काळे होते व काहींना मळमळते. हे आधी सांगितले नाही, तर गोळी घरी जाते पण पोटात जात नाही.

मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. सिकलसेल या आनुवंशिक आजारात तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिन्यांत अडकते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत आणि उसाच्या फडांवर दूरदूरच्या जिल्ह्यांतून कामगार येतात. त्यांपैकी नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत हा आजार विशेष आढळतो. २०२३ मध्ये यासाठी राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल आणि सांधे वारंवार दुखत असतील, तर अशा व्यक्तीची सिकलसेल तपासणी करून घ्यावी.

पांढऱ्या पेशी

एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी केवळ ४ ते ११ हजार असतात. काही जंतूंना गिळून टाकतात, काही प्रतिपिंडे तयार करतात. काही पेशी एकदा भेटलेल्या जंतूची ओळख वर्षानुवर्षे जपून ठेवतात. लसीकरण याच स्मरणशक्तीच्या आधारे काम करते. अंगणवाडीच्या दारात बाळाला टोचली जाणारी लस म्हणजे पांढऱ्या पेशींना आधीच दिलेला जंतूचा परिचय होय.

रक्तपट्टिका आणि रक्त गोठणे

खुरप्याने बोट कापले की काही मिनिटांत रक्त थांबते. प्रथम रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट, जखमेवर एकमेकींस चिकटून बोळा बसवितात. मग रक्तद्रवातील गोठणघटक एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिनोजेनचे तंतू बनून त्या बोळ्याभोवती जाळे विणले जाते. रक्तपट्टिकांची संख्या साधारणतः दीड ते साडेचार लाख आणि आयुष्य ८ ते १० दिवस असते.

डेंग्यूच्या साथीत गावात पहिला प्रश्न विचारला जातो, तो प्लेटलेट किती याचा. डेंग्यूत खरा धोका रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपून रक्तदाब घसरण्याचा असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे ही त्याची चिन्हे असून, ती दिसताच रुग्णालय गाठावे. प्लेटलेटची पिशवी रक्तस्राव होत असताना किंवा संख्या फारच, म्हणजे १० हजारांच्याही खाली गेली असता डॉक्टर देतात. केवळ आकडा पाहून आग्रह धरल्यास दुसऱ्या गरजू रुग्णाची पिशवी वाया जाते. पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा घासूनपुसून कोरडी करणे हा याहून मोठा उपाय होय.

उसाच्या फडात आढळणाऱ्या घोणसाचे विष याच गोठण्याच्या यंत्रणेवर घाला घालते. ते गोठणघटकांना अकारण जागे करून वापरून संपविते. त्यामुळे पुढे हिरड्यांतून, लघवीतून, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. रुग्णालयात कोरड्या, स्वच्छ काचनळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवतात. तेवढ्या वेळात ते गोठले नाही, तर विष रक्तात भिनल्याचे समजते. अशा वेळी नुसते रक्त चढवून भागत नाही. आधी प्रतिसर्पविष द्यावे लागते, कारण रक्तात विष मोकळे असेतो नवे गोठणघटकही खर्ची पडत राहतात. म्हणून मांत्रिक नको, जखम कापणे नको, आवळपट्टी नको. दंश झालेला अवयव न हलविता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

रक्तगट

१९०१ मध्ये व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला आणि एकाचे रक्त दुसऱ्याला देणे सुरक्षित होण्याचा मार्ग मोकळा झाला. या शास्त्रात महाराष्ट्राचेही नाव कोरले गेले आहे. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिदुर्मिळ गट शोधला. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जातो. साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ असल्यासारखा दिसतो, पण या व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्त चालत नाही. तिला आपल्याच गटाचा दाता शोधावा लागतो. गट माहीत असतानाही प्रत्येक वेळी रक्त जुळवून पाहण्याचा आग्रह का धरला जातो, हे यावरून ध्यानात येईल.

गरोदर मातेचा गट आर-एच निगेटिव्ह असेल आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले, तर तिला प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ‘अँटी-डी’ इंजेक्शन द्यावे लागते. ते राहून गेले, तर पुढच्या बाळाच्या तांबड्या पेशी आईच्या प्रतिपिंडांकडून नष्ट होऊ शकतात. आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत मातेचा गट पहिल्याच तपासणीत उतरला पाहिजे, तो यासाठी.

एक पिशवी, अनेक रुग्ण

दात्याने दिलेली एक पिशवी आज घटक वेगळे करण्याची सोय असलेल्या रक्तपेढीत सहसा तिघांच्या कामी येते. तांबड्या पेशी रक्तस्राव झालेल्या मातेला, रक्तपट्टिका कर्करोगाच्या रुग्णाला आणि रक्तद्रव भाजलेल्या किंवा गोठणघटक संपलेल्या रुग्णाला देता येतो. पण या तिन्हींची साठवण सारखी नाही. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात. गोठविलेला रक्तद्रव वर्षभर टिकतो. रक्तपट्टिका मात्र २० ते २४ अंश तपमानात सतत हलत्या ठेवूनही केवळ ५ दिवस टिकतात.

आता आपल्या शिबिरांकडे पाहावे. जयंती, वाढदिवस किंवा उत्सव आला, की एकाच दिवशी अनेक गावांत शिबिरे होतात आणि उत्साह ओसंडून वाहतो. समजा, त्या दिवशी ५०० पिशव्या जमल्या. सहाव्या दिवशी त्यांतील एकही रक्तपट्टिका उपयोगाची उरत नाही आणि सहा आठवड्यांनंतर तांबड्या पेशीही संपतात. पुरुष दात्याला ३ महिने आणि स्त्री दात्याला ४ महिने पुन्हा रक्त देता येत नाही. म्हणजे त्या काळात गावातील सगळेच दाते एकदम विसावलेले असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत रक्तपेढ्यांची कपाटे रिकामी पडतात. थॅलेसेमिया झालेल्या बालकाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशी लागतात. पुणे–सोलापूर व पुणे–अहिल्यानगर महामार्गांवरील अपघातही तिथी पाहून होत नाहीत.

काय करता येईल

पंचायत समितीने रक्तपेढीशी बोलून वर्षाचे वेळापत्रक आखावे आणि गावांना महिने वाटून द्यावेत. पाळीपाळीने पाणी सोडण्याचा रिवाज आपल्याला नवा नाही. एप्रिल, मे आणि दिवाळी हे महिने मोठ्या गावांनी आवर्जून घ्यावेत. शाळेने शिक्षक व पालक दात्यांची गटवार यादी ठेवावी. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रक्त साठवण केंद्र आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यास तोंडपाठ असावे. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा किती साठा आहे, हे केंद्र शासनाच्या ‘ई-रक्तकोष’ संकेतस्थळावर पाहता येते.

१८ ते ६५ वर्षे वयाची, किमान ४५ किलो वजनाची आणि साडेबारा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. ३५० मिलिलिटर रक्त दिल्यानंतर रक्तद्रव एक-दोन दिवसांत आणि पेशी काही आठवड्यांत भरून निघतात. पैसे घेऊन रक्त देणे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले आहे. त्यामुळे सारी भिस्त स्वेच्छेने देणाऱ्यांवर आहे. शिबिरात कितीतरी भगिनी उत्साहाने येतात आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठविल्या जातात. त्यांची नावे तेथेच लिहून घेऊन आरोग्य केंद्राकडे द्यावीत, म्हणजे परत जाणारी भगिनी उपचाराविना राहणार नाही.

तांबड्या पेशीचे आयुष्य १२० दिवसांचे असते, हे मी प्रारंभी सांगितले. आज गोळी सुरू केलेल्या मातेचे हिमोग्लोबिन तेवढ्या काळात पुष्कळ सुधारू शकते. त्याकरिता मोठा निधी लागत नाही. लागते ती वेळेवर केलेली तपासणी, नोंदवहीत लिहिलेला आकडा आणि तो पुढच्या महिन्यात पुन्हा पाहणारा माणूस. आपापल्या गावात तो माणूस आपण व्हावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.