अर्धे एकक, पूर्ण माणूस

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही आणि अभियंताही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने माझे आयुष्य खतावणीत गेले. खतावणीने मला एक गोष्ट शिकविली. ज्या खर्चाला स्वतंत्र शीर्ष नसते तो ‘किरकोळ’मध्ये जातो आणि किरकोळ खर्चाला कोणी आळा घालीत नाही. रस्त्यावरील अपघातांचेही तसेच आहे.

रस्त्याच्या कडेला बसून वाहने मोजणारी माणसे आपण पाहिली असतील. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीनुसार ही गणना वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस करावयाची असते. एकदा सुगीच्या हंगामात व एकदा मंदीच्या काळात. त्यानंतर सर्व वाहने एका मापात बसविली जातात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या निकषांत मोटारकार व ऑटोरिक्षा प्रत्येकी एक एकक, ट्रक किंवा बस तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार, मोठी बैलगाडी आठ; आणि मोटारसायकल वा स्कूटर केवळ अर्धे एकक. रस्त्याची रुंदी ठरविण्यासाठी हे माप योग्यच आहे. मात्र ते जागेचे माप आहे, जिवाचे नव्हे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. रस्त्यावर अर्धे मोजले जाणारे हे वाहन आपल्या अपघात विभागात पूर्ण माणूस घेऊन येते, पुष्कळदा दोन.

गतवर्षी उसाच्या हंगामात एका रात्री एका तरुण यंत्रमाग कामगारास येथे आणले. अंधारात रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली होती. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, परावर्तक पट्टीही नव्हती. हेल्मेट होते, पण ते आरशाला अडकविलेले. मागे बसलेल्या पत्नीचा हात मोडला होता. संमतीपत्रावर तिने डाव्या हाताचा अंगठा उमटविला. चौथ्या दिवशी तो गेला. आपल्या नोंदवहीत एवढेच आहे : ‘रस्ता अपघात, डोक्यास मार.’ देयक निर्धन रुग्ण निधीत वर्ग झाले. म्हणजे खर्चाला माझ्या खतावणीत शीर्ष मिळाले, अपघाताच्या कारणाला मात्र कोठेच मिळाले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दुचाकीस्वाराच्या दुखापतींसाठी व्ही २० ते व्ही २९ असे स्वतंत्र गट आहेत. तो ट्रकवर आदळला, मोटारकारवर आदळला की एकटाच घसरला; चालवीत होता की मागे बसला होता, हे सारे त्यांत वेगळे मांडता येते. आपण मात्र सर्वांना एकाच रकान्यात कोंबतो.

म्हणून माझी नम्र विनंती आहे, की नोंदवहीत पाच रकाने वाढवावेत : रुग्णाचे वाहन, चालक की मागे बसलेला, हेल्मेट व त्याचा पट्टा बांधलेला होता काय, समोरचे वाहन, आणि अपघाताचे नेमके ठिकाण. यास दोन मिनिटे लागतील. अर्थात उपचार आधी, नोंद नंतर. वर्षअखेरीस, रुग्णांची नावे वगळून, हा गोषवारा आपण वाहतूक पोलीस, महापालिका व साखर कारखान्यांपुढे ठेवू. कोणत्या वळणावर दिवा हवा, कोणत्या ट्रॉल्यांना पट्ट्या हव्यात, हे त्यातूनच कळेल.

एक काम मात्र आजच करता येईल. अनेक अभ्यासांच्या २००८ मधील एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे. आपल्याच वाहनतळावर आरशांना किती हेल्मेट अडकविलेली असतात, हे मी रोज पाहतो. त्यात एक माझेही असे, हे येथे कबूल करतो. त्या रात्रीपासून ते डोक्यावर आहे. आपलेही असावे, एवढीच प्रार्थना.