धावपटू आणि हवामान

(क्रीडाशिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



शालेय स्पर्धा असोत, गावच्या उत्सवातील शर्यती असोत की पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव असो, आपण धावणाऱ्याची तयारी पाहतो; त्या दिवसाची हवा मात्र क्वचितच पाहतो. वस्तुतः लांब पल्ल्याच्या धावण्यात हवा हीदेखील एक प्रतिस्पर्धी असते.

धावताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे पाव हिस्साच गतीच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे प्रमुख साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवर वाळला, की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. परंतु दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि उष्णता आतच साठते. म्हणूनच विदर्भातील कोरड्या ३२ अंशांपेक्षा कोकण किनाऱ्यावरील दमट ३२ अंश धावपटूला अधिक जाचक ठरतात. शिवाय उष्म्यात रक्ताला स्नायू आणि त्वचा या दोहोंकडे धावावे लागते. साहजिकच वेग मंदावतो. मॅरेथॉनला सर्वांत अनुकूल तापमान सुमारे १० ते १२ अंश सेल्सिअस मानले जाते. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत आणि भल्या पहाटे सुरू होते, त्यामागील मर्म हेच.

या बाबतीत इतिहासाची साक्ष बोलकी आहे. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन भर उन्हात झाली. सुमारे निम्म्या स्पर्धकांनी शर्यत अर्ध्यावर सोडली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याने अंगाला चरबी फासली होती, असे सांगतात. तसे असेल तर घामाची वाटच बंद झाली म्हणायची. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करूनही ६८ पैकी २८ धावपटूंना ती पुरी करता आली नाही. रात्री ऊन नव्हते, पण उष्मा व दमटपणा होताच. टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन २०२१ मध्ये उत्तरेकडील सप्पोरो येथे नेण्यात आली. तेथेही महिलांची शर्यत उष्म्यामुळे एक तास आधी सुरू करावी लागली.

जगातील निवडक धावपटूंची ही गत, तर आपल्या शाळेतील मुलामुलींची काळजी किती घ्यावयास हवी! त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. शर्यत सकाळी सातच्या सुमारास सुरू करावी. पाहुण्यांचे स्वागत व भाषणे शर्यतीनंतर ठेवावीत. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून मुलांना उन्हात तिष्ठत ठेवू नये. शाळेत शुष्क व आर्द्र तापमापक असल्यास स्पर्धेच्या सकाळी त्याची नोंद घ्यावी. तापमान चढे असून दोन्ही पाऱ्यांतील अंतर थोडे असेल, तर हवा धोक्याची समजावी आणि अंतर कमी करावे किंवा शर्यत पुढे ढकलावी.

शरीराला उष्म्याची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागताच एकदम पूर्ण सराव देऊ नये. तो हळूहळू वाढवावा. मार्गावर सावलीत पाण्याची सोय असावी. तहानेप्रमाणे पाणी द्यावे. आग्रहाने अति पाणी पाजणेही घातक ठरते, कारण त्याने रक्तातील क्षाराचे प्रमाण घटते. ताप असलेल्या मुलाला त्या दिवशी विश्रांतीच द्यावी.

धावणारा झोकांड्या देऊ लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर उष्माघाताची शंका घ्यावी. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, सर्वांगावर थंड पाणी ओतावे, बर्फ असल्यास तो मान व काखेत ठेवावा, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहन येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये. या प्रसंगी पहिली काही मिनिटेच निर्णायक असतात, आणि त्या वेळी डॉक्टर नव्हे, आपणच जवळ असतो.

आपल्या मातीतूनच ललिता बाबर व कविता राऊत यांच्यासारख्या धावपटू घडल्या. माणदेश असो की सावरपाडा, गुणांची वाण कोठेच नाही. त्या गुणांना योग्य वेळ, पाणी आणि सावली देणे हे आपल्या हाती आहे. येत्या स्पर्धेचे वेळापत्रक आखताना एवढे ध्यानी ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.